मौनाला प्रौढपण म्हणू नये

मराठी मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मत आता नियमासारखे चालते. कोणी बालबाप्तिस्म्याविषयी, अन्य भाषांविषयी, दशांशाविषयी किंवा यूट्यूबवर ऐकलेल्या एखाद्या संदेशाविषयी प्रश्न टाकतो, त्यावर दोन-चार उलटसुलट उत्तरे येतात, आणि मग कोणी वडीलधारे लिहितात, "वाद नको, प्रार्थना करू या." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि विषय तिथेच मिटतो. कधी कधी पाळक ग्रुपला कुलूप लावतात. त्यानंतर फक्त ॲडमिनलाच लिहिता येते. हे सगळे चांगल्या हेतूने होते. त्यामागे एक ठाम समजूत आहे : सिद्धांतावरून वाद घालणे हे विश्वासातल्या बाळपणाचे लक्षण, आणि जो प्रभूमध्ये वाढला तो असल्या चर्चेत पडत नाही. सिद्धांत माणसे तोडतो, प्रीती जोडते, असे तिचे सूत्र आहे.

ही समजूत शास्त्राला धरून नाही, मंडळीच्या इतिहासालाही धरून नाही, आणि तिच्यामुळे आज प्रत्यक्ष नुकसान होत आहे, असे माझे म्हणणे आहे. पण खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष पुऱ्या बळानिशी मांडला पाहिजे. त्या पक्षाच्या माणसाने तो वाचून "होय, मला हेच म्हणायचे होते" असे म्हणावे, इतका प्रामाणिकपणे.

त्या पक्षाचा पहिला आधार पौलाची पत्रे आहेत. वंशावळ्यांवरचे आणि नियमशास्त्रावरचे तंटे टाळ, असे तो तीताला बजावतो. शब्दांवरून चाललेल्या झगड्याने ऐकणाऱ्यांचा नाशच होतो, असा इशारा तीमथ्याला देतो. रोमच्या मंडळीला तो सांगतो, की विश्वासात दुर्बळ असलेल्याला जवळ घ्या, पण त्याच्या मतांवर निवाडा करायला बसू नका. लिहिणारा स्वतः कसलेला वादपटू आहे. वादाची नशा काय असते हे जाणणाऱ्याचा हा इशारा हलका मानता येत नाही.

दुसरा आधार माध्यमाच्या घडणीचा. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे २०२१ मध्ये बाहेर आली, तेव्हा कळले की २०१७ पासून काही काळ ते माध्यम रागाच्या चिन्हासह सगळ्या भावचिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन देत होते. ज्या लिखाणाने लोक चिडतात तेच अधिक लोकांपुढे जावे, अशीच ती रचना होती. त्यात समोरच्याचा चेहरा दिसत नाही. उपासनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात चहा घेताना जो माणूस आदबीने बोलतो, तोच रात्री मोबाइलवर एखाद्या पाळकाला खोटा संदेष्टा ठरवून झोपी जातो.

तिसरा आधार थोरांच्या पडझडीचा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. जॉन वेस्ली हा मेथडिस्ट चळवळीचा जनक, त्याचे पावित्र्य शत्रूंनाही मान्य. १७६९ मध्ये ऑगस्टस टॉपलेडी या तरुण पाळकाने देवाच्या पूर्वनिवडीविषयीचा एक लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला. वेस्लीला ती शिकवण मुळीच मान्य नव्हती. त्याने १७७० मध्ये त्या ग्रंथाचा संक्षेप छापला आणि शेवटी आपल्या मनचा एक परिच्छेद जोडला : विसांतला एक निवडलेला, एकोणीस टाकलेले, निवडलेल्यांनी काहीही केले तरी ते तरणार, टाकलेल्यांनी काहीही केले तरी ते बुडणार. त्याखाली टॉपलेडीच्या नावाची आद्याक्षरे घातली, जणू त्यानेच साक्ष म्हणून सही केली आहे. टॉपलेडी खवळला. पुढची काही वर्षे त्याने वेस्लीवर जे लिहिले त्याची भाषा कोणत्याही मंडळीत वाचून दाखवता येणार नाही. 'रॉक ऑफ एजेस' हे भक्तिगीत लिहिणारा हाच टॉपलेडी. वेस्ली आणि टॉपलेडी यांनाही वाद पचत नसेल, तर आपल्यासारख्यांनी त्याच्या वाटेला का जावे?

चौथा मुद्दा खास आपल्या मुलखाचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी भरले. चहूकडून लोक पाहत असतात. अशा वेळी घरचे भांडण चव्हाट्यावर आणून आपण साक्ष बिघडवतो, आणि ज्यांना आपल्याविरुद्ध काही हवेच आहे त्यांच्या हाती ते आयते देतो.

असा हा पूर्वपक्ष. तो भित्र्यांचा पक्ष नव्हे. तो धरणाऱ्या कितीतरी पाळकांनी फुटलेल्या मंडळ्या आपल्या हातांनी सांधल्या आहेत. आता उत्तर.

प्रौढ कोणाला म्हणावे हे नव्या करारातच आले आहे, आणि एकाहून अधिक ठिकाणी. इब्री लोकांस पत्र लिहिणारा वाचकांवर रुष्ट आहे. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, पण अजून तुम्हाला दूधच लागते, असे तो म्हणतो. मग जड अन्न पचवणारे प्रौढ कोण, तर सरावाने ज्यांची पारख तयार झाली आहे आणि ज्यांना बरेवाईट निवडता येते ते. इफिसकरांस पत्रात बाळपणाची खूण सांगितली आहे ती शिकवणीच्या प्रत्येक वाऱ्याबरोबर हेलकावे खाण्याची, आणि त्यातून वर येण्याचा मार्ग प्रीतीने सत्य बोलण्याचा. दोन्हीकडे प्रौढपणाची कसोटी शिकवण पारखण्याचीच आहे. ज्याने पारखणे सोडले आणि त्याला शांती म्हटले, त्याला ही पत्रे प्रौढ म्हणत नाहीत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, अन्य भाषांच्या वादाच्या ऐन मध्यात, पौल एक वाक्य टाकतो. त्याचा आशय असा, की दुष्टपणाच्या बाबतीत तान्हे असा, पण विचाराच्या बाबतीत मोठ्या माणसांसारखे व्हा. आपल्या ग्रुपांवर नेमके उलटे घडते. एक बाजू विचारात पोक्त होते आणि खुनशीपणातही तरबेज होते. दुसरी बाजू खुनशीपणा टाळते आणि त्यासोबत विचारही सोडून देते. पौल दोघांनाही तसे करू देत नाही.

पूर्वपक्षाने पुढे केलेली वचने पुन्हा उघडून पाहिली तर तीच उत्तर देतात. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात भांडू नको म्हटल्यावर पौल थांबत नाही. त्याच दमात तो सांगतो, की प्रभूच्या दासाने शिकवण्यात निपुण असावे आणि विरोध करणाऱ्यांना सौम्यतेने ताळ्यावर आणावे. सौम्यतेची अट घातली ती ताळ्यावर आणण्याच्या कामाला. ते काम रद्द केले नाही. तीताच्या पत्रात तंटे टाळण्याचा उपदेश तिसऱ्या अध्यायात आहे, पण पहिल्याच अध्यायात अध्यक्षाच्या अंगी काय हवे ते सांगताना, उलट बोलणाऱ्यांना खोडून काढता आले पाहिजे, ही अट घातली आहे. आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय? मांस खावे की भाजीपाला, अमुक दिवस पाळावा की नाही, यावर पौलाने तिथे अख्खा अध्याय खर्च केला, आपले मत काय ते उघड सांगितले, आणि तरीही दुर्बळ भावासाठी ताटातले मांस बाजूला सारायची तयारी दाखवली. असा सविस्तर युक्तिवाद करणाऱ्याच्या नावावर चर्चाबंदीचा नियम खपवता येत नाही.

इथेच आणखी एक शस्त्र बाहेर काढले जाते, ते अभिषिक्ताचे. देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये, म्हणून त्याच्या शिकवणीवर बोलूही नये, असे सांगतात. दाविदाने शौलाला मारले नाही, हा त्याचा मुख्य आधार. पण तो प्रसंग पूर्ण वाचावा. एन-गेदीच्या गुहेत दाविदाने शौलाच्या झग्याचा काठ कापला, आणि शौल बाहेर पडल्यावर तो काठ हातात धरून दाविदाने मागून हाक दिली, दोन्ही बाजूंची माणसे ऐकत असताना आपल्यावरचा अन्याय बोलून दाखवला आणि न्याय परमेश्वरावर सोपवला. त्याने हात आवरला होता. तोंड बंद केले नव्हते. बिरुयातल्या लोकांनी तर खुद्द पौलाचे म्हणणे शास्त्रावर घासून पाहिले, आणि लूकने त्यांची त्याबद्दल थोरवी गायली. आजच्या कोणत्याही प्रचारकाचा अभिषेक पौलाच्या वरचा नाही.

या बंदीमुळे होणाऱ्या नुकसानीचे सर्वांत गंभीर उदाहरण आजारपणाचे आहे. एक फॉरवर्ड वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो : विश्वास धरला असेल तर गोळ्या बंद करा, औषध घेणे म्हणजे अविश्वास. ग्रुपवर मधुमेहाचे, रक्तदाबाचे, फिट्सचे रुग्ण असतात. तिथे "वाद नको" म्हणणे हे तटस्थ राहणे नव्हे, कारण फॉरवर्डचे म्हणणे तेवढे वाचले गेले आणि त्याचे उत्तर गेले नाही. प्रौढ माणसाने इथे काय लिहावे? आधी फॉरवर्ड पाठवणाऱ्याचे जे खरे आहे ते मान्य करावे. देव बरे करतो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. ती प्रार्थना आम्हीही करतो. मग विचारावे, की विश्वासाने आजार जातोच असा नियम असता तर त्रफिमाला पौलाने मिलेतात आजारी का सोडले? एपफ्रदीत मरणाच्या दारी का गेला? तीमथ्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला का सांगितले? आणि ज्या लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो, त्याला प्रवासात सोबत का ठेवले? एवढे लिहून शेवटी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही औषध थांबवू नका, असे स्पष्ट लिहावे. यात ना पाठवणाऱ्याची अब्रू गेली, ना कोणाला खोटा संदेष्टा म्हणावे लागले. पण हे ग्रुपवरच लिहिले पाहिजे. पाठवणाऱ्याला एकांतात सांगून ज्यांनी ते आधीच वाचले आहे त्यांच्यापर्यंत उत्तर पोहोचत नाही.

उघड की एकांतात, हा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे, आणि मौनपक्ष इथे मत्तयाचा अठरावा अध्याय पुढे करतो. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जावे, हे ख्रिस्ताचे शिक्षण आहेच. पण ते एका माणसाने दुसऱ्याचा केलेल्या अपराधाविषयी आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला, तेव्हा पौलाने सर्वांसमोर त्याला विरोध केला, कारण ते वागणे सर्वांसमोर झाले होते आणि त्याने सर्वांची दिशाभूल होत होती. आता याच्या उलट अपुल्लोसाचे पाहा. इफिस येथील सभास्थानात तो उघड बोलत होता आणि त्याला योहानाचा बाप्तिस्मा तेवढा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी भर सभेत त्याला थांबवले नाही. त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. हे उदाहरण मौनपक्षाच्या बाजूचे आहे आणि ते मी त्याला देतो. पण किती देतो? अपुल्लोसाची शिकवण अपुरी होती, चुकीची नव्हती. आणि तो हाताशी होता, शिकायला तयार होता. ज्याच्या घरी जाता येते, ज्याला फोन करता येतो, त्याला आधी गाठावे. आपल्याच मंडळीतल्या तरुणाची चूक फेसबुकवर दुरुस्त करणाऱ्याला मीही प्रौढ म्हणणार नाही. पण ज्याची चित्रफीत हजारो लोक पाहतात आणि ज्याच्यापर्यंत आपला आवाज कधीच पोहोचणार नाही, त्याच्या शिकवणीचे उत्तर उघडच द्यावे लागते.

खाजगी आणि उघड यांची सीमा पुसली गेली की काय होते, याचा एक जुना दाखला आहे. तो आजच्या काळाला इतका लागू पडतो की सविस्तर सांगितला पाहिजे. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोत ऑगस्टीन होता, आणि बेथलेहेमात त्याच्याहून वयाने व कीर्तीने मोठा असलेला जेरोम. अंत्युखियातला तो प्रसंग खरा भांडणाचा नव्हताच, पेत्र आणि पौल यांनी इतरांना धडा मिळावा म्हणून तो ठरवून वठवला, असे जेरोमने गलतीकरांस पत्राच्या टीकेत लिहिले होते. ऑगस्टीन अस्वस्थ झाला. शास्त्रात सोयीचे खोटे आहे असे एकदा मानले तर मग कोणत्याच वचनाचा भरवसा उरत नाही, असे त्याने जेरोमला कळवायचे ठरवले. पहिले पत्र घेऊन जाणारा माणूस निघण्याआधीच बिशप नेमला गेला आणि थोड्याच काळात वारला. दुसरे पत्र निघाले, पण बेथलेहेमला पोहोचण्याऐवजी त्याच्या प्रती इटलीत हातोहात फिरू लागल्या. अखेर जेरोमला एक नक्कल मिळाली, तीही सहीशिवाय. त्याच्याभोवतीचे लोक सांगू लागले, की हा आफ्रिकेतला तरुण बिशप तुम्हाला पाडून स्वतः मोठा होऊ पाहतो आहे. जेरोम मुळात तापट. पत्र खरोखर तुझे आहे का हे आधी कळव, असे त्याने बोचऱ्या शब्दांत लिहिले.

ऑगस्टीनपुढे तेव्हा दोन सोपे मार्ग होते. प्रकरण मिटावे म्हणून आक्षेप मागे घ्यायचा, किंवा अपमानाला अपमानाने उत्तर द्यायचे. त्याने दोन्ही टाळले. आपण जेरोमविरुद्ध पुस्तक लिहून रोमला पाठवले ही गोष्ट खोटी आहे हे स्पष्ट केले, पत्राने दुखावल्याबद्दल क्षमा मागितली, आणि मुद्दा मात्र जसाच्या तसा उभा ठेवला. जेरोमने सविस्तर उत्तर दिले, ऑगस्टीनने त्यालाही उत्तर दिले. या सगळ्याला दहा-एक वर्षे लागली. पुढे पेलाग्याच्या शिकवणीविरुद्ध दोघे एका बाजूने उभे राहिले, आणि जेरोमने नंतरच्या लिखाणात अंत्युखियातला दोष खराच धरला, असे ऑगस्टीनने एका पत्रात नोंदवले आहे. याच जेरोमचा बालमित्र रुफिनुस याच्याशी ओरिजेनच्या शिकवणीवरून वाद झाला होता. तो दोघांनी लोकांसमोर, एकमेकांच्या हेतूंवर चिखल उडवत केला, आणि रुफिनुस मेल्यावरही जेरोमची कटुता गेली नाही. त्या भांडणाची बातमी वाचून ऑगस्टीनने जेरोमला आपले दुःख कळवले होते. जेरोम दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो समोरच्याने आपल्यावरचे आरोप कसे झेलले आणि मुद्दा कसा धरून ठेवला, यामुळे.

आता टॉपलेडीकडे येतो, कारण त्या प्रकरणाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वेस्लीचा दोष पूर्वनिवडीला विरोध करण्यात नव्हता; ती शिकवण चुकीची वाटणाऱ्याने तसे म्हणायलाच हवे. दोष होता दुसऱ्याच्या तोंडी आपले वाक्य घालून खाली त्याची सही करण्यात. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा तिथे मोडली गेली. आज आपण तेच करतो, फक्त साधने बदलली आहेत : चाळीस मिनिटांच्या संदेशातली बारा सेकंदांची फीत, अर्धा परिच्छेद कापून काढलेला स्क्रीनशॉट, कोणाच्या तरी नावावर खपवलेले वाक्य. फॉरवर्ड करणाऱ्याला वाटते, मी फक्त पुढे पाठवले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार केले, तेव्हा त्या अफवाही कोणीतरी फक्त पुढेच पाठवल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी संदेश पाठवणे बंद केले. पाठवणे म्हणजे साक्ष देणेच आहे, आणि साक्षीचा हिशोब द्यावा लागतो हे ख्रिस्ती माणसाला कंपनीने शिकवायला नको.

आणि याच वेस्लीची दुसरी वागणूकही नोंदलेली आहे. १७४१ च्या फेब्रुवारीत जॉर्ज व्हिटफील्डने त्याला लिहिलेले एक खाजगी पत्र कोणीतरी परवानगीविना छापले आणि लंडनमध्ये वेस्लीच्या प्रार्थनागृहाच्या दाराशी वाटले. विषय हाच, पूर्वनिवडीचा. वेस्लीने मंडळीला ते कसे छापले गेले हे सांगितले, स्वतः व्हिटफील्ड इथे असता तर त्याने जे केले असते तेच मी करतो म्हणाला, आणि पत्र फाडून टाकले. सगळ्या मंडळीने आपापल्या प्रती फाडल्या. दोघांचा मतभेद मात्र तसाच राहिला, छापूनही आला, काही काळ त्यांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. १७७० मध्ये व्हिटफील्ड अमेरिकेत वारला, तेव्हा लंडनमधल्या त्याच्याच प्रार्थनागृहात स्मृतिप्रवचन केले वेस्लीने. याच वर्षी टॉपलेडीचे प्रकरण घडले. एकाच माणसाने एकाच वर्षात दोन्ही करून दाखवले, म्हणून दोष वादावर ढकलता येत नाही. त्याने प्रतिपक्षाशी कसे वागायचे ठरवले, तिथे तो शोधावा लागतो.

सिद्धांत माणसे तोडतो, या सूत्राला तर महाराष्ट्राच्या भूमीवरच उत्तर मिळाले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यात बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, आणि विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा असे मानणारे बॅप्टिस्ट होते. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधून वाढलेल्या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामार्फत त्यात आल्या. या ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ मध्ये सुरू झाल्या होत्या. बिशपपद, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, सेवकांचा अभिषेक यांवर चाळीस वर्षे मसुदे लिहिले गेले, परत आले, पुन्हा लिहिले गेले. दोन्ही प्रकारच्या बाप्तिस्म्याला एकाच मंडळीत जागा मिळाली ती अशी. सगळे जमले असेही नाही. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ऐन वेळी बाहेर राहिले. पण जे ऐक्य झाले ते सिद्धांताच्या चर्चेनेच झाले. "वाद नको" म्हणणाऱ्यांनी ते १९२९ मध्येच थांबवले असते, तर अँग्लिकन आणि बॅप्टिस्ट आजही एकमेकांविषयी आपापल्या घरात कुजबुजत राहिले असते.

माध्यमाचा आक्षेप मी मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. माध्यम रागाला बढती देते, तर उत्तर त्याच्या चालीने देऊ नये एवढेच त्यातून सिद्ध होते. रात्री वाचलेल्याला सकाळी उत्तर द्यावे. फीत पाहून बोलायचे तर पूर्ण संदेश ऐकून बोलावे. ग्रुपवर विषय तापला तर पाळकाने कुलूप लावण्यापेक्षा, "यावर रविवारी उपासनेनंतर बसू, ज्यांना बोलायचे आहे त्यांनी वचने काढून यावे," असे लिहावे, आणि खरोखर बसावे. अनेकदा हा दुसरा भागच होत नाही. प्रार्थना करू या म्हणणाऱ्यांनी त्या विषयावर प्रार्थना केली, शास्त्र उघडले, आणि आठवड्याने उत्तर आणले, असे घडत असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

राहिला चव्हाट्याचा मुद्दा. आपण मूठभर आहोत म्हणून आपसातले मतभेद लपवावेत, असे आपल्या पूर्वजांना वाटले नव्हते. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद लोकांच्या गर्दीसमोर झाले, आणि जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने त्यांचा वृत्तांत त्याच वर्षी छापला. त्यात विष्णुबुवांचे आक्षेप आहेत, आणि त्यांना बळ आहे. नेहेम्या गोऱ्हे यांची गोष्ट याहूनही बोलकी. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने, तेव्हाच्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी, जॉन म्यूरच्या ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या संस्कृत ग्रंथाला संस्कृतातच सडेतोड उत्तर लिहिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८४८ मध्ये, ते स्वतः ख्रिस्ती झाले, आणि १८६० मध्ये 'षड्दर्शनदर्पण' लिहिले. त्यात आधी दर्शनांचे म्हणणे मांडले आहे आणि मग त्यांची परीक्षा केली आहे. वाद करणाऱ्या माणसाला वादानेच ख्रिस्तापर्यंत आणले, आणि पुढे त्यांच्याच लिखाणाने पंडिता रमाबाईंचे मन वळायला मदत केली, असे रमाबाईंनी नमूद केले आहे.

रमाबाईंचेच प्रकरण मौनपक्षाने सर्वांत बारकाईने वाचावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई विचारू लागल्या : त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात कुठे आहे, अथनेशियसच्या मतांगिकारातले शाप मी का उच्चारावेत, मंडळीने सांगितले एवढ्यावर मी कशी थांबू. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून नुकतीच सुटले आहे, आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. जेराल्डिन यांना या प्रश्नांत अहंकार दिसला. नम्रता म्हणजे स्वीकारणे, प्रौढ होणे म्हणजे विचारणे थांबवणे, हीच त्यांची शिकवण होती आणि ती त्यांनी मनापासून दिली. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाई शिकवत आणि शिकत होत्या, तिथल्या प्रमुख डोरोथिया बील यांनी वेगळे केले. रमाबाईंना ख्रिस्ती धर्म विचाराच्या अंगाने तपासावाच लागेल हे त्यांनी ओळखले, आणि एकेका प्रश्नाला पत्राने उत्तर दिले. त्या उत्तरांनी रमाबाईंचे लगेच समाधान झाले असे नाही. काही उत्तरे त्यांनी परतवून लावली. पण त्या बोलत राहिल्या. पुढे त्यांचा विश्वास ख्रिस्तावर असा स्थिरावला, की आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घातली. तो पत्रव्यवहार जेराल्डिन यांनीच जपून ठेवला, आणि १९७७ मध्ये तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. आज तो कोणीही वाचू शकतो. घरातला वाद असा उघडा पडून रमाबाईंची, बील यांची किंवा ख्रिस्ताची साक्ष बिघडलेली मला तरी कुठे दिसत नाही.

त्या पत्रांच्या वेळी रमाबाई पंचविशीतून तिशीकडे चालल्या होत्या. तेवढ्याच वयाची मुलगी आज आपल्या ग्रुपवर लिहिते, की येशू देव असेल तर तो प्रार्थना कोणाला करत होता. हा प्रश्न निकया आणि खाल्केदोन या सभांइतका जुना आहे आणि त्याचे उत्तर आपल्याकडे आहे. ते लिहायला पाळकाला एक पूर्ण संध्याकाळ लागेल, दोन-तीन पुस्तके काढावी लागतील, आणि मुलीने परत काही विचारले तर दुसरी संध्याकाळ. त्याने ती द्यावी, आणि उत्तर ग्रुपवरच लिहावे, कारण तोच प्रश्न मनात ठेवून गप्प बसलेले आणखी काही जण तिथे वाचत असतात.